कोपराचा धाक आणि कराराचा कागद

१९६८ साली डेट्रॉइट रेड विंग्ज या आइस हॉकी संघात बॉब बॉन नावाचा बचावपटू नव्याने दाखल झाला. गडी कणखर होता, पण केवळ त्याला बघायला लोक तिकीट काढतील अशातला नव्हता. लोक तिकीट काढायचे ते गॉर्डी हाऊसाठी, आणि हाऊ त्या संघात बावीस वर्षं खेळत होता. बोलता बोलता पगाराचा विषय निघाला. हाऊला वर्षाला ४५ हजार डॉलर मिळत होते, बॉनला ६७ हजार. नॅशनल हॉकी लीगमध्ये सर्वाधिक कमावणाऱ्यांत आपण आहोत, असं हाऊला वर्षानुवर्षं सांगण्यात आलं होतं आणि त्याने ते निमूटपणे खरं मानलं होतं. तो मालक ब्रूस नॉरिस यांच्याकडे गेला आणि एक लाख डॉलर मागितले. नॉरिस यांनी फारशी खळखळ न करता ते दिले. इतक्या सहज दिले, यातच सगळं आलं.

ज्याच्या कोपराला अख्खी लीग टरकून असायची तो माणूस पगार मागायच्या वेळी इतका भिडस्त का होता? स्वभाव म्हणून सोडून देता येईल, पण ते अर्धसत्य ठरेल. व्यावसायिक आइस हॉकीपटूची कारकीर्द कशी घडते, कशी टिकते आणि कुठे नाडली जाते, हे हाऊच्या आयुष्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दुसऱ्या कुणाच्या दिसेल.

आधी खेळाविषयी थोडं. साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद बर्फाचं रिंगण, भोवती लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळ्यांची भिंत. प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, म्हणजे पक. तो जेमतेम तीन इंच व्यासाचा आणि एक इंच जाडीचा. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, म्हणजे तो उसळत नाही, सपाट घसरतो. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. अंगात चिलखतासारखे पॅड घालून पूर्ण वेगाने स्केटिंग करणं इतकं दमवणारं असतं, की खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळतो आणि बाकावर परततो. खेळ न थांबवताच दुसरा त्याच्या जागी उतरतो. या फेरीला शिफ्ट म्हणतात. अंगावर जाऊन धडक देणं नियमात बसतं. हातमोजे फेकून मारामारी केली तर नॅशनल हॉकी लीगमध्ये पाच मिनिटं शिक्षेच्या खोक्यात बसायचं आणि मग पुन्हा खेळायला यायचं! आपल्याकडे हा खेळ मुख्यतः लडाखमध्ये रुजला आहे. २०२५ च्या महिला आशिया कपमध्ये भारताने ब्राँझपदक मिळवलं, त्या संघातल्या बहुतेक मुली तिथल्याच.

हाऊचा जन्म ३१ मार्च १९२८ चा, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या फ्लोरल या खेड्यातला. नऊ भावंडांत तो सहावा. घरचे लवकरच जवळच्या सास्काटून शहरात आले. तो काळ महामंदीचा, आणि त्या गव्हाच्या मुलखात मंदीबरोबर दुष्काळही आला होता. एकदा दारावर एक बाई जुन्या वस्तूंनी भरलेलं पोतं विकायला घेऊन आली. तिच्या घरी खायला नव्हतं. गॉर्डीच्या आईने गाठीला होते ते थोडे पैसे तिला दिले. पोतं रिकामं केलं तर त्यात स्केट्सची एक जोडी निघाली. एक पायात गॉर्डीने घातला, दुसरा त्याच्या बहिणीने बळकावला, आणि दोघं एकेका पायावर घसरू लागली. बहीण कंटाळली तेव्हा कुठे दुसरा स्केट त्याच्या वाट्याला आला.

शाळेत त्याचं डोकं चालेना. अक्षरं ओळखताना गोंधळ उडायचा. त्याला डिस्लेक्सिया होता हे पुढे लक्षात आलं. त्या काळी अशा मुलावर ‘ढ’ असा शिक्का बसायचा आणि तो पुसला जात नसे. पोरगा बुजरा झाला. शाळा सोडून वडिलांबरोबर बांधकामावर जाऊ लागला, सिमेंटची पोती उचलू लागला. खांदे आणि मनगटं घडली ती तिथे. त्या काळात व्यायामशाळा आणि आहारतज्ज्ञ खेळाडूच्या वाट्याला येत नसत.

पंधराव्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सच्या विनिपेगमधल्या शिबिरात त्याला बोलावणं आलं. घरापासून इतक्या लांब तो कधी गेलाच नव्हता. घरच्या आठवणीने कासावीस होऊन तो परत आला, आणि न्यूयॉर्कच्या हातून शतकातला एक मोठा खेळाडू निसटला. पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या माणसांनी त्याला विंडसरच्या शिबिरात नेलं. तिथे जॅक अ‍ॅडम्स यांनी त्याला हेरलं. संघाचे सर्वेसर्वा तेच: प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि मालकाचे कान. करारावर सही करताना हाऊने मागितलं काय, तर रेड विंग्जचं एक जाकीट. अ‍ॅडम्स यांनी कबूल केलं आणि विसरून गेले. जाकिटाची वाट बघत बसलेला हा मुलगा पुढे त्यांना चार स्टॅन्ले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकून देणार होता.

त्या जाकिटाच्या किश्शावर आज सगळे हसतात. पण करारात खाली बारीक अक्षरांत काय असायचं, ते हसण्यासारखं नव्हतं. १९४२ ते १९६७ या पंचवीस वर्षांत नॅशनल हॉकी लीगमध्ये फक्त सहा संघ होते. एका संघात वीसेक खेळाडू धरले तर जगातल्या या सर्वांत वरच्या पातळीवर जागा साधारण सव्वाशे. त्यांच्यावर डोळा ठेवून खालच्या लीगांमध्ये शेकडो तरुण बसलेले. त्यातही पोरसवदा वयात एका कागदावर सही झाली, की त्या मुलाच्या व्यावसायिक हॉकीचे हक्क त्या क्लबकडे जात. पुढचे सगळे करार त्याच क्लबशी. क्लबने त्याला विकलं तर तो गेला, खाली पाठवलं तर तो खाली गेला. आपण होऊन दुसऱ्या संघात जायची सोय नव्हती. बाजारात गिऱ्हाईक एकच असेल तर मालाचा भाव कोण ठरवणार?

हाऊची नेमणूक आधी गॉल्टच्या कनिष्ठ संघात झाली, पण तिथल्या बदलीच्या नियमात तो अडकला आणि वर्षभर केवळ सराव करत राहिला. मग १९४५-४६ चा हंगाम ओमाहाच्या संघात. आणि १६ ऑक्टोबर १९४६ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, तो डेट्रॉइटकडून टोरंटोविरुद्ध उतरला आणि पहिल्याच सामन्यात टर्क ब्रोडासारख्या नावाजलेल्या गोलरक्षकाला चकवून गोल केला. तेव्हा त्याच्या पाठीवर १७ आकडा होता. लवकरच ९ नंबर रिकामा झाला आणि त्याला विचारणा झाली. संघ आगगाडीने फिरायचे आणि शायिकांचं वाटप नंबरावरून व्हायचं. लहान नंबरवाल्याला खालचा बर्थ. हाऊने ९ घेतला. हॉकीतला सर्वांत मानाचा समजला जाणारा आकडा त्याने निवडला तो रात्री नीट झोप लागावी म्हणून.

२८ मार्च १९५० च्या रात्री हे सगळं संपण्याच्या बेतात आलं. टोरंटोविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात तो टेड केनेडीला धडक द्यायला झेपावला, केनेडी निसटला आणि हाऊ डोकं पुढे करून फळीवर आदळला. कवटीला भेग गेली. मेंदूवरचा दाब कमी करण्यासाठी डॉक्टरांना त्याच रात्री कवटीला छिद्र पाडावं लागलं. तेव्हा शिरस्त्राण घालायची पद्धतच नव्हती. काही आठवड्यांनी डेट्रॉइटने स्टॅन्ले कप जिंकला तेव्हा हा बावीस वर्षांचा मुलगा डोक्याला पट्टी बांधून बर्फावर आला आणि प्रेक्षागार दणाणून गेलं. पुढच्या हंगामात तो खेळेल का, याचीच शंका होती. तो खेळला आणि ४३ गोल आणि ४३ असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलला लावलेला हातभार) अशा ८६ गुणांनी लीगमध्ये पहिला आला.

सिड एबल मध्यभागी, टेड लिंडसे डावीकडे, हाऊ उजवीकडे. या त्रिकुटाला ‘प्रॉडक्शन लाइन’ म्हणत. मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात दुसरं कुठलं नाव शोभलं असतं! १९५०, ५२, ५४ आणि ५५ असे चार कप डेट्रॉइटने जिंकले. हाऊ सहा वेळा गुणांमध्ये पहिला आला, सहा वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सलग वीस हंगाम तो पहिल्या पाचांत होता, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या आकड्यांत हाच खरा थक्क करणारा आहे. एखाद्या वर्षी भन्नाट खेळणारे पुष्कळ असतात. वीस वर्षं पहिल्या पाचांत राहणारा एखादाच.

हे जमलं कसं? सहा फूट उंची, नव्वद किलोंच्या वर वजन, पण हालचालींत घाई म्हणून नाही. तेव्हाच्या स्टिकचं पातं सरळ असे. हाऊ डाव्या आणि उजव्या दोन्ही हातांनी फटका मारायचा, त्यामुळे गोलरक्षकाला अंदाज येत नसे. आणि मग ती कोपरं. कुणी खोडी काढली तर तो लगेच उसळत नसे. लक्षात ठेवायचा. आठवडा जाई, महिना जाई, आणि एखाद्या सामन्यात पंचांची पाठ वळली की हिशेब चुकता होई. १ फेब्रुवारी १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लू फॉन्टिनाटो हा लीगमधला मातब्बर मारामारीबहाद्दर त्याच्या अंगावर धावून आला. हाऊने त्याचं नाक असं फोडलं, की त्याचे फोटो देशभर गाजले. त्यानंतर हाऊला फारशा मारामाऱ्या कराव्याच लागल्या नाहीत. भोवती मोकळी जागा मिळू लागली आणि त्या जागेत तो गोल करू लागला. एकाच सामन्यात गोल, असिस्ट आणि मारामारी साधली तर आजही त्याला ‘गॉर्डी हाऊ हॅटट्रिक’ म्हणतात. खुद्द हाऊने अख्ख्या कारकिर्दीत अशा हॅटट्रिक केल्या अवघ्या दोन.

आता पुन्हा पगाराकडे वळू. असं सांगतात, की अ‍ॅडम्स दर वर्षी हाऊसमोर कोरा करार ठेवायचे आणि म्हणायचे, तुझी योग्यता तूच लिही. बुजरा हाऊ हजारभर डॉलर वाढवून सही करायचा. दिसायला केवढं औदार्य! पण इतरांना काय मिळतं हेच माहीत नसलेल्या माणसाला योग्यता लिहायला सांगणं ही त्यातली खरी मखलाशी होती. पगार गुप्त ठेवायचे, बरोबरीच्यांशी बोलायचे नाहीत, असा दंडकच होता. शिवाय हाऊचा आकडा अडकला की बाकीच्यांचे आपोआप अडकत. हाऊलाच एवढे, तर तुला जास्त कसे देणार?

हे कोडं ज्याने आधी ओळखलं तो त्याच्याच ओळीतला टेड लिंडसे. निवृत्तिवेतनाच्या मंडळावर तो खेळाडूंचा प्रतिनिधी होता. खेळाडू त्या निधीत वर्षाला ९०० डॉलर भरत, पण निधीचे हिशेब दाखवा म्हटलं की मालक दाद देत नसत. लिंडसेने मॉन्ट्रियलच्या डग हार्वीला बरोबर घेतलं आणि इतर संघांतल्या प्रतिस्पर्ध्यांशी गुपचूप संधान बांधलं. बर्फावर ज्यांची टाळकी फोडायची त्यांनाच गाठून सह्या घ्यायच्या होत्या. फेब्रुवारी १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना जाहीर झाली, लिंडसे तिचा अध्यक्ष. तो हंगाम त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम होता. त्याने ८५ गुण मिळवले. उन्हाळ्यातच अ‍ॅडम्स यांनी त्याला शिकागोला देऊन टाकलं, म्हणजे वर्षानुवर्षं तळाशी गटांगळ्या खाणाऱ्या संघात. हार्वीही काही वर्षांत मॉन्ट्रियलबाहेर गेला. लिंडसे जाताच नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटच्या खेळाडूंनी संघटनेतून अंग काढून घेतलं, आणि हाऊ गप्प राहिला.

त्याचा शब्द निर्णायक ठरला असता, असं अनेकांचं मत आहे आणि ते पटण्यासारखं आहे. संघटना मोडली. फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, त्यातून ७ हजार डॉलर किमान वेतन आणि पेन्शनमध्ये थोडी वाढ पदरात पडली. कायमची संघटना उभी राहायला १९६७ उजाडावं लागलं. हाऊला भित्रा म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. शाळेत नापास, हॉकीखेरीज कुठलंही कसब नाही, आणि क्लब नाखूश झाला तर पुन्हा सिमेंटची पोती. अशा माणसाने मालकाशी वैर घ्यावं, ही अपेक्षा घरबसल्या करायला सोपी आहे.

त्याच्या घरात ज्या व्यक्तीला व्यवहार कळत होता ती त्याची पत्नी कॉलीन. १९५३ मध्ये त्यांचं लग्न झालं. जाहिराती, करार, मुलांची हॉकी सगळं ती बघू लागली, तेही हॉकीच्या कचेऱ्यांत बायकांना कुणी उभंही करत नव्हतं त्या काळात. एक लाखाची मागणी मान्य करतानाही नॉरिस यांनी ठपका ठेवला तो कॉलीनवरच.

१९६८-६९ च्या हंगामात हाऊने चाळिशीत १०३ गुण मिळवले. एका हंगामातली त्याची ती सर्वाधिक कमाई. पण मनगटातला संधिवात बळावत गेला आणि १९७१ मध्ये तो थांबला. क्लबने त्याला उपाध्यक्ष केलं. ऑफिस मिळालं, काम मिळालं नाही. समारंभांना जायचं, हात मिळवायचे, परत यायचं.

सुटका अनपेक्षित दिशेने आली. १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग सुरू झाली होती, आणि ह्यूस्टन एरोजचे प्रशिक्षक होते हाऊचे जुने सहकारी बिल डिनीन. जुन्या लीगमध्ये वीस वर्षांखालच्या मुलांना घेत नसत. डिनीन यांनी ती मेख ओळखून हाऊची मुलं मार्टी आणि मार्क यांना निवडलं. मग बापच म्हणाला, मीही आलो तर? मनगटाची शस्त्रक्रिया करून १९७३ मध्ये पंचेचाळीस वर्षांचा हाऊ दोन मुलांबरोबर बर्फावर उतरला. कराराची बोलणी कॉलीनने केली होती: चार वर्षांचे सुमारे दहा लाख डॉलर. मैदानावर मुलं त्याला गॉर्डी म्हणत, बाबा नाही. पहिल्याच हंगामात त्याने १०० गुण मिळवले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या काळचा एक किस्सा आवडीने सांगितला जातो: प्रतिस्पर्ध्याने त्याच्या एका मुलाला बर्फावर दाबून धरलं होतं, सांगूनही सोडेना. हाऊने शांतपणे त्याच्या नाकपुड्यांत दोन बोटं घातली आणि त्याला वर उचललं.

या स्पर्धक लीगने हाऊला मुलांबरोबर खेळायची हौस पुरवली, पण तिचं खरं काम वेगळं होतं. बाजारात दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि सगळ्यांचेच पगार वर गेले. संघटनेला पंधरा वर्षांपूर्वी जे जमलं नव्हतं ते स्पर्धेने करून दाखवलं.

१९७९ मध्ये ती लीग बंद पडली आणि तिचे चार संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये सामावले गेले. ह्यूस्टननंतर हाऊ ज्या संघात गेला होता तो हार्टफर्डही त्यात होता. एक्कावन्न वर्षांचा हाऊ त्या हंगामात सगळेच्या सगळे ८० सामने खेळला, १५ गोल केले. फेब्रुवारी १९८० मध्ये डेट्रॉइटला ऑल स्टार सामना झाला. उद्घोषकाने त्याचं नाव घेतलंच नाही. सगळ्या हॉकीच्या वतीने ‘नंबर नऊ’ एवढंच म्हटलं, आणि टाळ्या थांबेनात. त्याच सामन्यात एकोणीस वर्षांचा वेन ग्रेट्स्की होता, लहानपणापासून हाऊला देव मानणारा. ग्रेट्स्कीने पुढे १९८९ मध्ये हाऊचा १८५० गुणांचा आणि १९९४ मध्ये ८०१ गोलांचा विक्रम मोडला. १७६७ सामन्यांचा विक्रम मात्र २०२१ पर्यंत टिकला; पॅट्रिक मार्लोने तो ओलांडला.

निवृत्तीनंतर हाऊला जुन्या लीगकडून वर्षाला १५ हजार डॉलरच्या आत पेन्शन मिळत होतं. खेळाडूंच्या निधीत साठलेली जादाची रक्कम मालकांनी स्वतःच्या सोयीने वापरली, हे उघडकीला आलं तेव्हा कार्ल ब्रूअर या माजी खेळाडूने पुढाकार घेऊन खटला उभा केला. फिर्यादींच्या यादीत अँडी बाथगेट, बॉबी हल यांच्याबरोबर या वेळी गॉर्डी हाऊचंही नाव होतं. १९९२ मध्ये ओंटारिओच्या न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला, १९९४ मध्ये अपिलातही तो टिकला आणि जुन्या खेळाडूंना कोट्यवधी डॉलर परत मिळाले. १९५७ मध्ये लिंडसे जे हिशेब मागत होता ते अखेर कोर्टाने मागितले.

आज लीगमध्ये ३२ संघ आहेत. मुलं अठराव्या वर्षी वार्षिक निवडीत येतात, पहिला करार ठरावीक मर्यादेचा असतो, आणि काही वर्षांनी संघ बदलायची मुभा मिळते. २०२५-२६ च्या हंगामात किमान वेतन ७ लाख ७५ हजार डॉलर होतं; २०२५ मध्ये मिनेसोटाच्या किरिल काप्रिझॉव्हने आठ वर्षांसाठी १३ कोटी ६० लाखांचा करार केला. १९९० पासून पगार जाहीर असतात, त्यामुळे बॉनसारख्या सहकाऱ्याने कानात सांगायची गरज उरलेली नाही.

हाऊ १० जून २०१६ रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेला. विंडसर आणि डेट्रॉइट यांना जोडणाऱ्या नव्या पुलाला त्याचं नाव दिलं आहे. लिंडसे २०१९ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी वारला. बर्फावर हाऊ त्याच्यापेक्षा मोठा, याविषयी दुमत नाही. पण आजच्या खेळाडूच्या खिशात जे पडतं त्याचं श्रेय मोजायचं तर लिंडसेचं पारडं जड आहे. खेळाडूंनाही ते ठाऊक असावं. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ते स्वतःच्या मतांनी निवडतात, आणि २०१० पासून त्या पुरस्काराचं नाव आहे टेड लिंडसे पुरस्कार.